प्रस्तुत संशोधक खांडीत निजला

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आठवणी लिहाव्यात असं काही माझ्या हातून घडलेलं नाही. ज्यांच्या घरात लिहिण्यावाचण्याची रीत होती त्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, असंच मला वाटत आलं. घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढ्या एका गोष्टीवर कुणाला काही सांगायचा अधिकार मिळत नाही, हेही कळतं. ही वाक्यं परत वाचून पाहिली तर त्यांत ‘माझ्या’ आहे, ‘मला’ आहे, पण ‘मी’ कुठेच नाही. ठरवून केलेलं नाही हे. हाताला लागलेली सवय आहे, आणि ती कशी लागली तेच सांगायचं आहे.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या अंगाला, खांदा कॉलनीच्या पलीकडे. मी शाळेत होतो तोवर मध्ये कॉलनी नव्हती, खाजण होतं. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा लांब बांध आणि बांधाच्या आत भातशेती. मोठ्या उधाणाला तो बांध कुठेतरी फुटायचा. फुटून जी वाट पडते तिला आमच्याकडे खांड म्हणतात. ती वेळेवर बुजवली नाही तर खारं पाणी आत शिरतं आणि मग काही वर्षं तिथे भाताचं नाव घ्यायचं नाही. मी कॉलेजात गेलो तेव्हा आमची जमीन नव्या शहरासाठी गेलेली होती, बांधावर मातीचे ट्रक रिकामे होत होते आणि बाबा एका बांधकामावर राखणदार म्हणून बसत होता.

बाबाकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. त्याच्या तरुणपणी भर दुपारच्या उधाणात बांधाला खांड पडली. गावातून बुजवायला पेंढा, लाकडी मेढी, चिखलाची घमेली येईपर्यंत वेळ जाणार होता. तोवर अंगानेच पाणी अडवलं. गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपायची. “आमी खांडीत निजलो, मंग पानी थांबला.” एवढं म्हणून तो विडी पेटवायचा आणि आपण काय विचारतो याची वाट बघायचा.

लहानपणी मला ती गोष्ट फार आवडायची. पुढे ती ऐकताना अंग चोरावंसं वाटायला लागलं, कारण बाबा ती कोणालाही सांगायचा. फ्लॅट बघायला आलेल्या एका मुंबईच्या जोडप्याला तो अर्धवट इमारतीत वर घेऊन गेला होता. मी डबा द्यायला गेलो होतो. बाई भिंतीला हात लावून म्हणाल्या, “इथे बेडरूम ना?”

“व्हय बाय,” बाबा म्हणाला, “तुमचा बेडरूम हाय ना, तिथंच आमी निजलो व्हतो.”

बाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांच्या नवऱ्याने बाबाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. बाबा हसत होता. मी डबा खाली ठेवला आणि जिन्याने उतरलो.

एम. ए.ला मी समाजशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षी एका पेपरऐवजी लघुप्रबंध लिहिता येत असे. माझे मार्गदर्शक सर पुण्याकडचे, नुकतेच खांदा कॉलनीत राहायला आलेले. त्यांनी विषय दिला तो माझ्याच गावाचा: खाजणातली शेती गेल्यावर लोकांचे व्यवसाय कसे बदलले. “तुझ्याइतकी चांगली संधी कुणाला नाही,” ते म्हणाले. “फक्त आपल्या गावात परक्यासारखं जायचं. जमेल?”

जमेल, असं मी म्हणालो. सर जे विचारतील त्याला मी तेव्हा हेच म्हणायचो.

सरांनी मला लिहायला शिकवलं, हे मला आजही मान्य करावं लागतं. त्यांच्या शास्त्राची म्हणून एक मराठी होती, आणि तिच्यात कुणीच काही करत नसे. मुलाखती घेण्यात येत. तक्ते तयार करण्यात येत. निष्कर्ष आढळून येत. करणारा वाक्यातून उठून गेलेला असे आणि क्रियापद एकटंच काम उरकत असे. मला त्या मराठीचा मोह पडला. तिच्यात मी कुठला, कुणाचा, माझ्या बोलण्यात ‘नाय’ येतो की ‘नाही’, हे दिसायचं नाही. इतका मोह, की एकदा घरी आईने जेवलास का विचारलं तेव्हा तोंडातून गेलं, “जेवण घेण्यात आलंय.”

“कोनी घेतला?” आई चुलीपुढून म्हणाली. “मी तं कोनाला वाढला नाय. भूत येऊन जेवला काय?”

पुढे कितीतरी दिवस मला कुणी हाक मारली की आई म्हणायची, “त्याला बोलवन्यात येतंय रं!”

बी. ए.ला मला इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे मी लिहिलेलं दाखवायला जात असे. मॅडम आपल्याच भागातल्या इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, घरात चारचौघांसारखी मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या समाजाची माणसं तेव्हा एकेक करून देश सोडून तिकडे, इस्रायलला जात होती. आमच्या गावातही पूर्वी त्यांच्यातलं एक घर होतं. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवारतेली म्हणत. आता तिथे नुसता चौथरा उरला होता आणि आम्ही मुलं त्यावर क्रिकेट खेळायचो.

मॅडमचं शास्त्र वेगळं, म्हणून लिहिणंही वेगळं. त्यांच्या मराठीत ‘संभवते’, ‘असे दिसते’, ‘याला दुसरा आधार मिळत नाही’ असे शब्द असायचे. आणि नाव. त्यांना सगळ्यात आधी नाव लागायचं. “कोण सांगतंय, हे कळल्याशिवाय काय सांगतंय याला अर्थ नाही,” असं त्या म्हणत. सर याच्या बरोबर उलट सांगत. उत्तरदात्याचं नाव कुठेही येता कामा नये, कुणालाही सांगायचं नाही, खुद्द सरांनासुद्धा नाही. उत्तर देतो तो उत्तरदाता, बस्स. मला दोघांचंही पटायचं. एकाच दिवशी दोघांकडे गेलो तर डोक्यात गोंधळ व्हायचा आणि मग जो शेवटी भेटला त्याच्यासारखं लिहायचो.

प्रश्नावली घेऊन मी घरोघर फिरलो. आमचं घरही त्यात आलं, ते चुकवता आलं नाही. ओटीवर बाबासमोर कागद घेऊन बसलो.

“शिक्षण?” मी विचारलं.

बाबा बघत राहिला. “तुला म्हाईत नाय?”

“विचारावं लागतं, बाबा.”

“मंग लिव. सही येते.”

सही येणाऱ्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. मी ‘निरक्षर’वर खूण केली आणि कागदावर हात आडवा ठेवला. ते बाबाला वाचता येणार नव्हतं, तरीही ठेवला. आत आई आपल्या पाळीची वाट बघत होती. “मला पन इचार,” ती म्हणाली, “घरात माणसा किती, तं सांगते, एक परका येऊन बसलाय.”

प्रश्न संपल्यावर बाबाने विचारलं, “आनि खांडीचा? त्याचा कागुद कुठं?”

त्याचा प्रश्न नव्हता. पण प्रबंधात जुन्या शेतीवर एक प्रकरण होतं आणि तिथे लोकांच्या तोंडची चारदोन वाक्यं घेता येणार होती. मी म्हणालो, सांग, लिहून घेतो. बाबा सावरून बसला. गोष्ट शंभर वेळा सांगितलेली, पण त्या दिवशी हळूहळू सांगितली, मला लिहिता यावं म्हणून. “आमी खांडीत निजलो. पानी आंगावरनं जात व्हता. पन पेंढा येईस्तवर आमी उठलो नाय.” मग म्हणाला, “छापून येल ना?”

“टाइप होईल.”

“तेच ते. कागदावं आला मंजे झाला.”

त्याला एवढंच हवं होतं. जमीन गेली, बांध बुजला, खांड कुठे पडली ती जागाही आता दाखवता येत नव्हती. ती गोष्ट कागदावर यावी, यापलीकडे माझ्या शिक्षणाकडून त्याने कधी काही मागितलं नाही.

मी उतरवून घेताना ते शुद्ध केलं. ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘पानी’चं ‘पाणी’ केलं आणि ‘आमी’चं ‘मी’ केलं. आमच्याकडची जुनी माणसं स्वतःलाच ‘आमी’ म्हणतात. बाबा एकटा जेवून उठला तरी ‘आमी जेवलो’ म्हणतो. प्रबंधात हे मानाचं बहुवचन बरं दिसलं नसतं. क्रियापद तर काहीच सांगत नाही. पुरुषाच्या तोंडचं ‘निजलो’ एकालाही चालतं आणि अनेकांनाही. तर माझ्या वहीत आलं, ‘मी खांडीत निजलो. पाणी अंगावरून जात होतं, पण पेंढा येईपर्यंत मी उठलो नाही.’ वाचायला छान वाटलं.

सरांनी वाचून विचारलं, “एकाच उत्तरदात्याने सांगितलंय? इतरांकडून पडताळून घे.”

त्याने माझी पंचाईत झाली. स्वतःचा बाप खरं बोलतो का, हे गावाला विचारायचं. मी दोन दिवस टाळलं आणि मग देवळापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांत गेलो. बाबाचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, की एकटा माणूस खांडीत निजला आणि पाणी अडलं, असं कधी झालं होतं का. त्यांना कुणाची गोष्ट ते लगेच कळलं, सगळ्या गावाला पाठ होती ती.

“एकटा?” एक जण म्हणाला. “ती खांड दोन पुरुष लांब व्हती. एकटा निजला तं डोक्याकडनं पानी जाईल का नाय?”

“म्हैस निजवली तरी पुरायची नाय,” दुसरा म्हणाला.

“मंग तुजा बापूस म्हशीपेक्षा जाडा आसल तवा!”

सगळे हसले. मीही हसलो, हसण्यावाचून करणार काय. घरी येऊन कच्च्या मसुद्यात समासात लिहिलं, ‘इतर उत्तरदात्यांकडून दुजोरा नाही.’ हातून अक्षर बारीक आलं.

मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एक साक्षीदार म्हणजे आमच्यात अर्धा साक्षीदार. पण गोष्ट खोटी असती तर इतकी साधी नसती. कोण रे हे गृहस्थ? मी भेटते त्यांना.”

त्या विचारत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबा आला, बनियनवर बसलेला, मॅडमना बेडरूमचं सांगणारा. नियमही आठवला. नियम आठवला म्हणून गप्प बसलो की बाबा आठवला म्हणून, हे मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं.

“एक उत्तरदाता आहेत, मॅडम,” मी म्हणालो. “नाव सांगता येत नाही.”

“अरे, तुझं शास्त्र मोठं सोवळं आहे,” त्या म्हणाल्या आणि कागद परत दिले.

पक्का मसुदा सरांकडून आला तो लाल वर्तुळांनी भरून. प्रत्येक ‘मी’भोवती एक वर्तुळ. मी गावात गेलो, मी विचारलं, मला दिसलं. सरांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, “हे बघ. तुझ्या जागी उद्या दुसरा कुणी गेला तरी त्याला हेच सापडलं पाहिजे. मग त्यात तुझं काय काम? संशोधनात ‘मी’ नसतो. अगदीच लागला तर ‘प्रस्तुत संशोधक’ म्हण. पण एकही ‘मी’ राहता कामा नये.”

सर वाईट नव्हते. ते सांगत होते त्यात अर्थ होता, आज मीही विद्यार्थ्यांना थोडंफार तेच सांगतो. पण मला त्या वेळी फार ओशाळल्यासारखं झालं. कुणाच्या घरी जोडे घालून आत गेल्यासारखं. इतके ‘मी’ आपण लिहिलेच कसे! त्याच संध्याकाळी मसुदा घेऊन बसलो आणि पहिल्या पानापासून एकेक ‘मी’ खोडून वर ‘प्रस्तुत संशोधक’ लिहीत गेलो. क्रियापदंही बदलत गेलो, गेलोचं गेला, पाहिलंचं पाहिले. वाचत नव्हतो, शोधत होतो. तांदळातले खडे वेचताना कुणी तांदूळ बघतं का?

टायपिंगवाले काका सुकापूरहून सायकलने येत आणि पनवेलच्या बाजारात एका गाळ्यात बसत. “हा तुझा प्रस्तुत संशोधक लई लांब आहे बाबा,” ते म्हणाले. “ओळ मोडतो प्रत्येक वेळेला. ‘प्र. सं.’ टाकू का?” मी म्हणालो, नको, पूर्णच टाका. सरांनी टाइप केलेली प्रत हातात घेऊन पानं भराभर उलटली, एकही ‘मी’ दिसला नाही तेव्हा मान हलवली आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. वयाने मोठे, चष्मा कपाळावर. सर शेजारी बसले होते आणि विभागातले आणखी एक दोघे. परीक्षकांनी तक्त्यांबद्दल विचारलं, ते मला आलं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि एक पान उघडलं.

“हे जरा समजावून सांगा,” ते म्हणाले, आणि मोठ्याने वाचायला लागले. “‘प्रस्तुत संशोधक खांडीत निजला. पाणी अंगावरून जात होते, पण पेंढा येईपर्यंत प्रस्तुत संशोधक उठला नाही.’” ते थांबले. “पेंढा कशाला? पांघरायला?”

खोलीत एकदम हसू फुटलं. सर आधी हसले नाहीत, मग त्यांनाही आवरलं नाही.

“सहभागी निरीक्षण आम्हीही शिकवतो,” परीक्षक म्हणाले, “पण इतका सहभाग ऐकला नव्हता. तुमचं वय काय होतं तेव्हा?”

मी म्हणायला हवं होतं की हे माझे शब्द नाहीत, एका माणसाचे आहेत, माझ्या हातून चूक झाली. मी उभा राहिलो. बसूनच उत्तरं द्यायची होती, तरी उभा राहिलो, आणि तोंडातून आलं, “सर, चूक करण्यात आली आहे.”

मग तर ते डोळे पुसायला लागले.

मी पास झालो. परीक्षक जाताना पाठीवर हात ठेवून गेले. सरांनी मला मागे थांबवून सांगितलं, की ते पान काढून टाक, तसाही दुजोरा मिळालेला नाही. त्यांच्यासमोर बसूनच मी नवं वाक्य लिहिलं आणि बांधणीच्या आधी पान बदललं. ‘बांध फुटल्याच्या काही आठवणी उत्तरदात्यांकडून सांगण्यात आल्या, त्यांची पडताळणी होऊ शकली नाही.’

बांधलेली प्रत घरी आणली तेव्हा आईने आधी तिला हळदकुंकू लावलं. बाबाने हात धुऊन ती मांडीवर घेतली, पानं चाळली, कागदाचा वास घेतला. “खांडीचा कुठं हाय?”

मी पान काढून दाखवलं.

“वाच.”

मी वाचलं. दुसरं काहीतरी वाचलं असतं तर त्याला कळलं नसतं, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण छापील ओळीवर डोळे असताना वेगळं बोलायला मला जमलं नाही.

“पडताळनी मंजे?” बाबाने विचारलं.

“म्हणजे खरं का खोटं ते बघणं.”

“नाय झाली?”

“नाही झाली. गावात विचारलं मी. कुणी सांगितलं नाही.”

बाबाने त्या पानावर बोट ठेवलं. “यांना काय इचारतोस? हे घमेली घेऊन मागनं आले. त्याला इचारायचा.”

“कोणाला?”

“गेला तो,” बाबा म्हणाला आणि हात खाडीकडे, मावळतीकडे झटकला.

आमच्या गावाची स्मशानाची वाटही त्याच बाजूला जाते. मी समजलो. बघणारा एक कुणी होता, तो वारला. मेलेल्या माणसाची साक्ष सरांच्या शास्त्रात नव्हती आणि नाव विचारून आता उपयोग नव्हता. मी विचारलं नाही.

बाबाने प्रत मिटून माझ्याकडे दिली. “मंजे खोटा,” तो म्हणाला. रागाने नाही. जसं एखाद्याने सांगावं की दुकान बंद झालं.

त्यानंतर त्याने ती गोष्ट सांगितली नाही. फ्लॅट बघायला माणसं येत, तो चाव्या घेऊन वर जाई, नळ दाखवी, खिडक्या दाखवी. “हितनं वारा चांगला येतो,” एवढंच म्हणे. एकदा माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने “आजोबा, खांडीचं सांगा” म्हणून हट्ट धरला. “ते काय खरा नाय,” बाबा म्हणाला. “तुज्या मामाला इचार. त्याने बघितलाय.” मी तिथेच पेपर वाचत होतो. पेपर चेहऱ्यासमोरून खाली घेता येईना.

मला ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली. मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलाकडे, इस्रायलला कायमच्या गेल्या. निरोप द्यायला गेलो तेव्हा सामानाच्या पेट्या बांधलेल्या होत्या. “तुझा तो उत्तरदाता माझ्या डोक्यातून जात नाही,” त्या हसून म्हणाल्या. तेव्हाही मी सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं.

पुढे काही वर्षांनी मॅडम पनवेलला आल्या. भावाकडे उतरल्या होत्या, पनवेलमधल्याच त्यांच्या जुन्या घरी. मुलाच्या बरं होण्याचा काही नवस फेडायचा होता, म्हणून मलिदा केला होता. पोहे, खोबरं, गूळ, वर फळांच्या फोडी. मला बशी भरून दिली. त्या थकल्या होत्या, पण बोलणं तसंच.

“तिकडे आपली कोकणातली माणसं महिन्यातून एकदा जमतात,” त्या सांगायला लागल्या. “मराठीत भांडायला. तिथे एक म्हातारा यायचा. बंदरावर हमाली करून म्हातारा झालेला. मी पनवेलची म्हटल्यावर त्याने गाव सांगितलं. तुझंच गाव. त्यांचा घाणा होता तिथे.”

“शनवारतेली,” मी म्हणालो. “चौथरा आहे अजून.”

“त्याने एक गोष्ट सांगितली. मग तीच गोष्ट दर वेळेला सांगायचा. बांधाला खांड पडली, आणि हा आणि गावातला याचा दोस्त, दोघं त्या खांडीत आडवे झाले. एकापुढे एक. दोस्त पलीकडे, हा अलीकडे, याचे पाय त्याच्या खांद्याला टेकलेले. ‘आमी निजलो, मंग पानी थांबला’ म्हणायचा. मी त्याला विचारलं, आमी म्हणजे कोण कोण? कारण मला तुझ्या प्रबंधातला तो एकटा माणूस आठवत होता. तो वैतागला. म्हणाला, आमी मंजे आमी! मी आनि तो! दोस्ताला कायम नुसतं ‘तो’च म्हणायचा.”

माझ्या हातातली बशी मी टेबलावर ठेवली. दोन पुरुष लांब खांड. म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं ते, मला, देवळापाशी.

“मी त्याला म्हटलं, माझ्या एका विद्यार्थ्याला हे कुणीतरी सांगितलंय,” मॅडम म्हणाल्या. “तर उठून उभा राहिला. कोनी सांगितला? हाय का तो? नाव काय त्याचा? मला कुठे नाव माहीत. तू सांगितलंच नव्हतंस. एवढा मोठा माणूस, दर महिन्याला मला येऊन विचारायचा, नाव आठवला का. त्याला वाटायचं, मी विसरलेय.” मग त्यांनी मला विचारलं, “आता तरी सांग. कोण होते रे ते?”

“बाबा,” मी म्हणालो. “माझा बाबा.”

आतून त्यांच्या भावजयीने कुणाला तरी पाणी नेऊन दे म्हणून हाक मारली.

“आहेत?” मॅडमनी विचारलं.

“आहे. घरीच आहे. आत्ता ओटीवर बसला असेल.” मी उठलोच होतो. “मॅडम, तिकडच्या त्या म्हाताऱ्यांचा फोन असेल ना? मी बाबाला बूथवर घेऊन जातो. आजच नेतो.”

“गेला रे तो,” मॅडम म्हणाल्या.

“कुठे?” मी विचारलं.

“अरे, गेला. मी निघायच्या आधी, त्याच आठवड्यात. मी मातीला गेले होते. त्याच्या मुलांना मराठी येत नाही, पण ती एक गोष्ट त्यांना येते. तिथे उभी राहून त्यांनी ती सगळ्यांना सांगितली, त्यांच्या भाषेत, आणि तुझ्या बाबाचं नाव घेतलं. उच्चार नीट नव्हता, म्हणून मला कळलं नाही.”